फिंजान हलवेपर्यंत

अदनान साहेबांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे.
नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा, पायाला धोंडा,
आणि वर होडीत दोर धरून बसलेला एक माणूस. त्याला सैब म्हणत.
खालून झटका आला की ओढायचं, एवढंच त्याचं काम.
आजोबा गेले तेव्हा घरात मोती एकही नव्हता,
नाखव्याच्या वहीत एकशे चाळीस रुपये देणं होतं.
रुपयेच. तेव्हा इथं आपलाच रुपया चालायचा.

हे त्यांनी मला सांगितलं मनामात, सतराव्या मजल्यावर,
दोन हजार आठ साली, रात्री दीड वाजता,
ज्या आठवड्यात बाँड नावाचं काहीतरी बुडालं
आणि लिफ्टमध्ये माणसं खोकी घेऊन उभी होती,
कुंडीतल्या झाडासकट.
"हुर्झूक, मी देणी विकतो," म्हणाले.
"आजोबांचं देणं एकाच माणसाचं होतं. त्याला निदान तोंड होतं."
मी म्हटलं, कॉफी गार होतेय.

मी दाभोळचा. पंच्याण्णवला आलो,
व्हिसावर हुद्दा 'ऑफिस बॉय'.
दाढी पांढरी झाली, हुद्दा तोच.
डाव्या हातात दल्ला, उजव्यात फिंजान,
तळाशी घोटभर ओतायची, वेलदोड्याची, पिवळसर.
पाहुण्यानं फिंजान हलवलं की पुरे.
नाही हलवलं की ओतत राहायचं.
फ्रँकफुर्टचा एक गोरा अकरा फिंजानं प्यायला, घाम पुसत.
त्याला वाटलं थांबणं म्हणजे अपमान,
आम्हाला वाटलं अजून हवीय.
सौदा मोडला त्या दिवशी.
कागदावर कारण वेगळं लिहिलंय.

मग राजपत्रात नाव आलं. राजदूत.
देश असा, की हिवाळ्यात तीन वाजता दिवस मावळतो.
बँकेत केक कापला.
कुणी म्हणालं, पगार तिसऱ्या हिश्शावर आला,
कुणी म्हणालं, वरून कुणीतरी दूर पाठवलाय.
आईनं मात्र मुहर्रकच्या शिंप्याकडे
सोनेरी काठाचा बिश्त टाकला, मापाला स्वतः गेली.

शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाले, बस.
मी खुर्चीच्या कडेवर बसलो.
त्यांनी स्वतः ओतली, दल्ला उजव्या हातात धरून.
चुकीचा हात. आयुष्यात कधी ओतलीच नव्हती.
"सतरा वर्षं तू या खोलीत होतास.
विलीनीकरणं ऐकलीस, शिव्या ऐकल्यास, माझा तलाक ऐकलास.
खोलीत असून नसणं कसं जमतं तुला?
मला आता तेच करायचंय, देशाच्या वतीनं."

मी म्हटलं, साहेब, तोंडांकडे बघायचं नाही.
मनगटांकडे बघायचं.
पुरे झालं हे तोंडाआधी मनगट सांगतं.
त्यांनी पेन काढून लिहून घेतलं. मला लाज वाटली.
हे नाही सांगितलं, की माझं गप्प बसणं
दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं
आणि त्यावर सही त्यांची असते.

जानेवारीत फोन आला. रात्रीचे दोन.
खोलीत आम्ही सहाजण, एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
जिन्यावर जाऊन बोललो.
"चार तास झाले, हुर्झूक. दोन्ही बाजू नुसत्या पीत बसल्यात.
एकही मनगट हलत नाही."
मी विचारलं, ओततंय कोण?
पलीकडे वारा ऐकू आला, कुठंतरी दार आपटलं.
"बघितलं नाही," म्हणाले.
बघा, म्हटलं.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही.
पायरीवर बसून राहिलो, दोन्ही हातांनी धरून,
खालून झटका येईपर्यंत.